मालकीणबाईंचे भाडेकरू

मेश्रामकाका कोणाच्याही घरी बसले नाहीत. आमच्या दाराची बेल वाजवायची, दार उघडलं की एक पाय उंबरठ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवायचा आणि म्हणायचं, "बसत नाही, चाललोच." त्यानंतर अर्धा-पाऊण तास बोलणं. चहा उभ्याने, दिवाळीचा चिवडा उभ्याने, आणि कोणाच्या घरी सत्यनारायण असो की सोसायटीची वादळी मीटिंग असो, काका आपले भिंतीला खांदा लावून उभे. मीटिंगमध्ये तर सेक्रेटरी वैतागून म्हणायचे, "मेश्रामजी, बैठ जाइए, नहीं तो लगता है आप ऑब्जेक्शन उठा रहे हैं." काका म्हणायचे, "नहीं जी, मैं सुन रहा हूँ. कान खड़े होकर ज़्यादा सुनते हैं."

आम्ही राहतो दिल्लीतल्या द्वारकेत. सांगलीचे आमचे नातेवाईक अजूनही विचारतात की रोज दर्शन होतं का. त्यांना मी सांगते, रोज होतं, पण विमानांचं. डोक्यावरून इतक्या खालून जातात की धुणं वाळत घालताना वाकावंसं वाटतं. तर या द्वारकेतल्या एका चार मजली इमारतीत आमचं आणि मेश्रामकाकांचं दार समोरासमोर, मध्ये दोन चपलांच्या रॅक मावतील एवढी जागा. त्या जागेत काकांच्या येरझाऱ्या चालत. फोनवर बोलताना तिथे, विचार करताना तिथे, लिफ्टची वाट पाहतानाही तिथेच, आणि लिफ्ट आली की हे जिन्याने निघून जात.

त्यांचं मराठी भंडाऱ्याकडचं. अख्खी नोकरी दिल्लीकडे केली, बाहेर हिंदी बोलून बोलून जीभ गुळगुळीत झाली, पण घराजवळ आले की सुरू: "मी येऊन राहिलो", "भाजी घेऊन राहिलो", "पाऊस पडून राहिला", म्हणजे पडतोय. मी पडले सांगलीची, त्यातून पोटासाठी एका सरकारी कार्यालयात मराठी अनुवाद तपासते. दिवसभर इंग्रजीतून मराठीत आलेल्या वाक्यांना लाल खुणा करायच्या हा माझा धंदा. घरी आल्यावरही हात शिवशिवतो. मी काकांना म्हणायची, "काका, आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे मुक्कामाला आला. बसून राहिला म्हणजे उठलाच नाही."

"मग तुमचं चुकून राहिलं ना, वैशालीबाई," काका शांतपणे म्हणायचे.

आम्ही नवे राहायला आलो त्याच आठवड्यात ते दारात आले आणि म्हणाले, "दुपारी तेवढं फर्निचर नका सरकवू. मालकीणबाई झोपतात." मी आदराने मान डोलावली. मग मालकीणबाई रोजच कानावर येऊ लागल्या. मालकीणबाईंना पाहुणे चालत नाहीत. मालकीणबाईंना उरलेला भात आवडत नाही. मालकीणबाई कालपासून रागावून राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर एक खाष्ट पंजाबी म्हातारी उभी राहिली, एका खोलीत स्वतः राहणारी आणि दुसरीत भाडेकरूला धाकात ठेवणारी. या गरीब माणसाला बसायचीसुद्धा परवानगी नसावी असं मला वाटायचं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी मुद्दाम गेले. म्हातारी कितीही खाष्ट असली तरी शेजारधर्म आहेच.

"मालकीणबाईंना भेटायचं होतं," मी म्हटलं.

काकांनी अदबीने बाजूला होऊन आत हात केला. घरातल्या एकुलत्या एक वेताच्या खुर्चीवर एक करडी, पट्ट्यापट्ट्यांची, एक कान फाटलेली मांजर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"नव्या माणसाशी बोलत नाहीत," काका म्हणाले. तिळगूळ मग त्यांनीच खाल्ला. उभ्याने.

भानगड अशी होती की काकांनी तो फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा आधीचे भाडेकरू सामान घेऊन गेले आणि मांजर ठेवून गेले. म्हणजे त्यांनी नेली होती म्हणे, पण ती चार दिवसांनी चालत परत आली आणि थेट त्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्चीही आधीच्याच भाडेकरूंची. काकांनी सुरुवातीला तिला हाकलायचा प्रयत्न केला. मांजर म्हटलं की यांना शिंका यायच्या. पण मग त्यांनी सरळ हिशेब मांडला. "हिच्या आधीचं इथं कोणी नाही. मी नंतर आलो. मग घर कोणाचं झालं? भाडं त्या रोहिणीवाल्याला देऊन राहिलो, पण परवानगी हिची." रोहिणीत राहणाऱ्या खऱ्या मालकाला भाड्याशी मतलब होता. तो कधी फिरकला नाही.

काका एकटे. फरीदाबादच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून आयुष्य गेलं. धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. (इथे 'राहून गेलं' हेच बरोबर आहे, मी तपासलंय.) कारखाना बंद पडला तेव्हा हाती थोडं आलं, आणि महिन्याच्या महिन्याला जे येत होतं ते त्याहून थोडं. नागपूरची बहीण शांताबाई दर रविवारी फोन करून सांगायची, इकडे ये, वरची खोली रिकामी आहे. काका म्हणायचे, "मी येतो ना, पण मालकीणबाई नाही येत. त्यांचं स्वतःचं घर आहे."

जोडकमाई म्हणून ते करोल बागेत जायचे. तिथे गाड्यांच्या सामानाच्या बाजारात एका दुकानदाराचं सीट कव्हरचं काम होतं. नवं मॉडेल रस्त्यावर आलं की त्या गाडीच्या सीटचं माप घेऊन कागदावर फर्मा काढावा लागतो, त्यावरून कारागीर कापड कापतात. फर्मे काढायचं काम काकांचं. एकदा मी तिकडे साडीच्या फॉलसाठी गेले असताना त्यांना पाहिलं. भर बाजारात एका नव्या कोऱ्या गाडीची चारही दारं सताड उघडी, आणि काका मागच्या सीटपुढे गुडघ्यांवर, तोंडात पेन्सिल, गळ्यात टेप. सीटचं माप घेतानासुद्धा सीटवर बसत नव्हते. मी हाक मारली तर म्हणाले, "चाललोच." गुडघ्यांवर कुठे चालले होते देव जाणे. लोकांच्या बुडाखालची सोय करण्यात या माणसाचं म्हातारपण चाललं होतं, आणि स्वतः कुठे टेकायचं म्हणून नाव नाही.

मग मालकीणबाई पाणी जास्त प्यायला लागल्या.

दिल्लीचा उन्हाळा, कोणीही पिईल, म्हणून काकांनी दुसरं भांडं ठेवलं. मग तिसरं. उन्हाळा संपला, दिवाळी आली, तरी तिची तहान संपेना, आणि अंग मात्र उतरत चाललं. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येत. काकांनी तिला भाजीच्या टोपलीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर मृण्मयी म्हणजे अगदी तरुण मुलगी. आईवडील नाशिकचे, हिचा जन्म आणि शिक्षण दिल्लीतलं. 'मेश्राम' ऐकल्याबरोबर ती उत्साहाने मराठीत सुरू झाली. एरवी मराठी बोलायला तिला घरच्या दोन माणसांपलीकडे कोणी मिळत नसे.

"काका, हिची किडनी ना, बिल्कुल थोडीच काम करतेय. ठीक नाही होणार. पण चांगली राहू शकते. रोज चमडीच्या खाली पाणी द्यायला लागेल. सलाईन."

"रोज इथं आणणं मला झेपणार नाही, पोरी," काका म्हणाले. पैशाबद्दल बोलताना त्यांना कधी लाज वाटली नाही. "मला शिकव. मी घरी देतो."

तिने त्यांना आधी संत्र्यात सुई टोचायला लावली. नागपूरकडचा माणूस, संत्र्यावर हात पटकन बसला. मांजरीवर बसेना. मालकीणबाई या प्रकाराला अजिबात राजी नव्हत्या. पहिल्या दिवशी सगळं सलाईन काकांच्या शर्टाला मिळालं, दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपर्यंत उडालं, आणि काका दोन्ही हातांना ओरखडे घेऊन माझ्याकडे हळद मागायला आले. पण ड्राफ्ट्समनच तो. करोल बागेहून मखमली कापडाचे उरलेले तुकडे आणले, फर्मा काढला, दुकानातल्या कारागिराकडून शिवून घेतलं. मान बाहेर, चारी पाय आत, आणि खांद्यापाशी एक झडप, जी उचलली की तेवढीच कातडी चिमटीत पकडता येते. आत घातलेली मालकीणबाई पुडीत बांधलेल्या बटाटेवड्यासारखी दिसत होती, पण हलत नव्हती. "सीट कव्हर आहे," काका अभिमानाने म्हणाले. "फिटिंग पाहून राहिल्या ना? कुठं सुरकुती नाही."

अडचण वेगळीच आली. कव्हर घालूनही ती जमिनीवर थांबेना, ओट्यावर थांबेना. थांबायची ती फक्त आपल्या खुर्चीत, आणि तेही मांडीवर. म्हणजे काकांना बसणं भाग पडलं.

मी ते दारातून पाहिलं आहे. पडद्याच्या दांडीला सलाईनची पिशवी टांगलेली, बादलीतल्या कोमट पाण्यात ठेवून ऊबदार केलेली. खुर्चीच्या अगदी कडेला काका, जणू कोणी येऊन उठवणार आहे. मांडीवर मखमली गाठोडं. काकांचा उजवा पाय सारखा हलत होता. पाय हलला की मांडी हलायची, मांडी हलली की सुई निघायची, सुई निघाली की पुन्हा पहिल्यापासून. पहिले काही दिवस तर पिशवी संपायच्या आत तीनदा-चारदा टोचाटोच व्हायची आणि काका कळवळून तिलाच सांगायचे, "माफ कर ना माय, हा पाय ऐकून नाही राहिला." पुढे पाय ऐकायला लागला. मी पैज लावली असती तर हरले असते.

खर्चाला मात्र कुठून तरी वाट काढावी लागत होती. मेट्रो स्टेशन ते घर ई-रिक्षा बंद झाली, काका चालत येऊ लागले. पेपर बंद केला आणि आमचा वाचू लागले, पुरवण्यांसकट, आमच्याच दारात. कोंबडीचे चार तुकडे आणायचे, उकडायचे, मांस कुस्करून तिला आणि खालचं पाणी फोडणी देऊन यांच्या भातावर. "कोंबडी तिची, रस्सा माझा," ते म्हणायचे. "दोघंही मांसाहारीच झालो ना." मी एकदा पाकीट पुढे केलं. त्यांनी ते हळूच माझ्याच हातात मिटवलं. "इतकी वर्षं हिच्या घरात फुकट राहिलो, बाई. हे भाडं आहे. भाडं शेजाऱ्यानं नसतं द्यायचं." डॉक्टर मृण्मयी पुढे पुढे घरी जाताना वर चढून मांजरीला बघून जायची आणि फी घ्यायची नाही. तिलाही त्यांनी फुकट येऊ दिलं नाही. एक दिवस खाली उभ्या असलेल्या तिच्या स्कूटीचं माप गुपचूप घेतलं आणि सीटला जाळीचं कव्हर शिवून आणलं. उन्हात तापत नाही म्हणून ती इतकी खूश झाली की काका लाजून दाराकडे सरकले. चाललोच, म्हणाले. स्वतःच्याच घरातून.

असा एक हिवाळा गेला आणि एक उन्हाळा. दुसऱ्या हिवाळ्यात मांजरीने खाणं टाकलं. कोंबडी हुंगायची आणि मान वळवायची. मग तिची झोप गेली. ती घरभर फिरू लागली, स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून दारापाशी, दारापाशी थांबून एक लांब, घोगरा आवाज काढायची आणि पुन्हा स्वयंपाकघरात. तिच्यामागे काका, कारण मध्येच तिचे पाय लटपटायचे. दोघांच्या येरझाऱ्या मला भिंतीतून ऐकू यायच्या. मला त्या आवाजाने चीड यायची आणि चीड आल्याबद्दल वाईटही वाटायचं.

शनिवारी मी गाडी काढली आणि दोघांना दवाखान्यात नेलं. मृण्मयीने तिला बराच वेळ तपासलं. हिरड्या पाहिल्या, पोटाला हात लावून पाहिला. मग काकांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "काका, खूप थकलीय ही. आता सलाईनने काही नाही होणार. मला वाटतं, आपण हिला झोपवूया."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "झोपव ना, पोरी! मी तेच म्हणून राहिलो. किती दिवस झाले, हिला झोप नाही, मला नाही. या वैशालीबाईंनाही नाही."

मृण्मयीचे डोळे भरून आले. "तुम्ही खूप ब्रेव्ह आहात, काका. लोक इतक्या लवकर तयार नाही होत."

"त्यात काय तयार व्हायचं? चांगलंच आहे ना तिच्यासाठी."

ती कपाटाकडे वळली. मलाही काही खटकलं नाही. उलट झोपेचं इंजेक्शन इतके दिवस का दिलं नाही असंच माझ्या मनात आलं. सिरिंज भरता भरता तिने विचारलं, "तुम्ही इथे थांबणार की बाहेर? दोन्ही चालेल."

"थांबत नाही, चाललोच," काका म्हणाले. "करोल बागेत एक गाडी येऊन उभी आहे, तिचं माप घेऊन येतो. संध्याकाळी ही उठेल ना, त्याच्या आत परत येतो. उठल्यावर हिला भूक लागेल काय गं?"

मृण्मयीचा हात हवेतच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मग मला कळलं. दिवसभर मी जे पकडते तेच माझ्यासमोर उभं होतं: इंग्रजीतलं 'पुट टू स्लीप', मराठी लुगडं नेसून आलेलं. आणि मी ते ओळखलं नव्हतं, कारण ते नेसवणाऱ्या मुलीच्या आवाजात खरी माया होती.

"अंकल," ती हिंदीवर आली, "सुलाना मतलब... वो फिर उठेगी नहीं."

काकांनी एकदा सिरिंजकडे पाहिलं, एकदा मांजरीकडे. टेबलावर पसरलेलं मखमली कव्हर ओढलं, तिला त्यात घातलं, सावकाश, एकेक पाय. त्यांचा आवाज चढला नाही. "पोरी," ते म्हणाले, "आपल्याकडे उठवायचं असतं म्हणून झोपवतात."

ती रडायलाच लागली. "सॉरी काका. खरंच सॉरी. मला दुसरा शब्द नाही माहीत. घरी असं काही कधी कोणी बोललंच नाही. काय म्हणतात मराठीत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "वैशालीबाई, काय म्हणतात?"

मी एवढी शब्दांची पगारी माणूस. "दयामरण," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. "हे पेपरातलं झालं, बाई. घरच्या माणसाला पेपरातल्या शब्दानं कसं न्यायचं?" आणि टोपली उचलून ते बाहेर पडले.

परतीच्या वाटेवर ते एक क्षण गप्प नव्हते. रस्त्याबद्दल, नव्या उड्डाणपुलाबद्दल, माझ्या गाडीच्या सीट कव्हरच्या भिकार शिलाईबद्दल. पण त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द शोधायला घेतला. शांताबाईंना फोन लावला. मी दार उघडून ऐकत होते, ते त्या मधल्या जागेत येरझारा घालत होते. शांताबाई म्हणाल्या असाव्यात, मोकळं कर तिला. "मोकळं काय करू? बांधून ठेवलं होतं काय मी?" मग 'सोडव'. "तुरुंगात होती काय ती?" मी 'निरोप' सुचवला. त्यावर ते जवळजवळ रागावले. "निरोप जाणाऱ्याला देतात. ती कुठं जाऊन राहिली? घर तिचं आहे. जायचं तर मी जायचं." सकाळी बेल वाजवून नवा शब्द सांगायचे, संध्याकाळी तोच खोडायला यायचे. इतकी वर्षं मी त्यांच्या मराठीला नावं ठेवली, आता ते माझ्या मराठीला ठेवत होते, आणि त्यांचं बरोबर होतं.

मृण्मयी येऊन मळमळ थांबायचं इंजेक्शन देऊन जाई. तो शब्द तिने पुन्हा काढला नाही. पण जाताना माझ्याकडे पाहून नुसती मान हलवायची.

शेवटी मी चिडले. "काका, तुम्हाला शब्द सापडेपर्यंत तिने असंच फिरत राहायचं का?"

ते एकदम उभ्या जागी थांबले. "मला कळून राहिलं, बाई," ते म्हणाले. "शब्द सापडला की हो म्हणावं लागते. म्हणून सापडू देऊन नाही राहिलो. मला भीती वाटून राहिली. ही गेली तर मी कोणाच्या घरात राहून राहिलो?" ते वाक्य माझ्या मराठीत चुकीचं आहे. मी लाल खूण केली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी त्यांनी बेल वाजवली नाही, दारावर नुसती बोटं आपटली. नेहमीसारखा एक पाय आत आला नाही.

"मालकीणबाईंनी खुर्ची सोडली," ते म्हणाले.

दिल्लीत आपणहून खुर्ची कोणी सोडत नाही, असं एरवी मी म्हटलं असतं आणि आम्ही दोघंही हसलो असतो. मी त्यांच्यामागून आत गेले. खुर्ची रिकामी होती. मांजर खुर्चीखाली, फरशीवर, कुशीवर पडली होती. चढायचा प्रयत्न केला असावा, वेतात एक नख अडकून तुटलं होतं. आवाज नव्हता. फिरणंही नव्हतं. नुसतं पोट हलत होतं, आणि डोळे उघडे.

"रात्रभर उचलून ठेवून राहिलो वर," काका म्हणाले. "उतरते. तिला नको आहे ती आता." मग खिशातून फोन काढून म्हणाले, "मृण्मयीला बोलावतो. तिला म्हणतो, ये, झोपवूया."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिचाच शब्द बरा. पोरगी मायेनं म्हणाली होती. आपल्याजवळ तर तेवढाही नाही निघाला."

पुढचं सांगायचं तर काका आता नागपूरला असतात, शांताबाईंच्या वरच्या खोलीत. घर सोडताना त्यांनी रोहिणीवाल्याला फोनवर किल्ली कोणाकडे ठेवू विचारलं आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "मालकीणबाईंचं त्यांना परत." वेताची खुर्ची त्यांनी नेली नाही, ती घराची होती. महिन्या दोन महिन्यांनी फोन येतो. तिथे एका गॅरेजवाल्याला फर्मे काढून देतात. मृण्मयीची चौकशी करतात, तिच्या स्कूटीचं कव्हर फाटलं का विचारतात. बोलताना पावलांचा आवाज येत असतो. पण मला काका आठवतात ते येरझारा घालणारे नाहीत.

मृण्मयीला बोलावलं त्या दिवशी मला ऑफिसला जावंच लागलं. दुपारी सुट्टी टाकून परत आले तेव्हा त्यांचं दार उघडं होतं. मृण्मयी फरशीवर मांडी घालून बसली होती, बॅग बंद करून मांडीवर घेतली होती आणि नाक ओढत होती. पडद्याच्या दांडीला काही टांगलेलं नव्हतं. मखमली कव्हर घडी करून खिडकीत ठेवलं होतं. आणि वेताच्या खुर्चीत काका. कडेला नाही, नीट मागे रेलून, जसा माणूस आपल्या घरात बसतो तसे. मांडीवर ती, उघडीच, तिची पट्ट्यापट्ट्यांची पाठ वर, आणि काका तिला थोपटत होते, लहान मुलाला थोपटतात तसं, संथ. पाय अजिबात हलत नव्हता.

मी दारात थबकले. एक पाय आत, एक बाहेर.

"काहून उभ्या?" काका म्हणाले. "बसा ना."

मी मृण्मयीशेजारी फरशीवर बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "काका..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, बाई," ते म्हणाले. "झोपून राहिली."

दोन्हीकडच्या मराठीत ते वाक्य बरोबर होतं.